आधी तिकीट काढा, मग टाळी वाजवा

घरातला मुलगा आरशापुढं आवाज बदलून बोलायला लागला, मुलगी वहीच्या मागच्या पानांवर संवाद लिहायला लागली, की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. शिक्षण बुडेल, उद्या पोटाला काय खाईल, चार लोक काय म्हणतील. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली, कुंडलवाडी, सगरोळी, शंकरनगर या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत. त्या घरांशी मला बोलायचं आहेच, पण त्याहून अधिक त्यांच्या शेजारीपाजाऱ्यांशी बोलायचं आहे. नट आणि लेखक घरात घडायला लागतो; पुढं तो टिकतो की नाही, हे गाव ठरवतं. गावानं त्याचं काम हे काम म्हणून ओळखावं आणि ते बघायला पदरचे पैसे मोडून यावं, एवढंच माझं मागणं आहे.

आधी कामाचं बोलू. नट म्हटलं की मुंबई, मोठी गाडी, फोटोसाठी गर्दी असं काहीतरी डोळ्यापुढं येतं. आपल्या भागातला नट-लेखक तसा जगत नाही. तो शाळेवर शिकवतो, पतसंस्थेत बसतो, कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा असतो, नाहीतर घरची चार एकर करतो. घर जागं व्हायच्या आधी पहाटे तास-दीड तास लिहितो. दिवसभर नोकरी. संध्याकाळी शाळेच्या एखाद्या खोलीत बाकं भिंतीला सरकवून तालीम. आधी वाचनं होतात, मग संहिता हातात धरून उभ्या तालमी, मग हात मोकळे करून, आणि शेवटी कपडे, रंग, उजेड यांच्यासह रंगीत तालीम. राज्य नाट्य स्पर्धेत दोन तासांचं नाटक उतरवायचं तर दीड-दोन महिन्यांच्या संध्याकाळी अशा जातात. आणि पदरात पडतो एक प्रयोग, तोही गावापासून लांब नांदेडला. घरातलं जेवण गार होतं, पोरांचा अभ्यास बायको घेते किंवा बाई नाटकात असेल तर सासू घेते. या सगळ्यांचा त्या प्रयोगात वाटा असतो आणि त्यांचं नाव कुठल्याच पत्रिकेत छापलेलं नसतं.

तालमीत नेमकं काय चालतं हे बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. बाईनं भरली घागर घेऊन यायचं आहे. रंगमंचावरची घागर रिकामीच असते. नवी मुलगी ती उचलते आणि सरळ चालत येते. बघणाऱ्याला लगेच कळतं, घागरीत थेंब नाही. मग काम सुरू होतं. आधी खरोखर घागर भरून आणायची, कमरेवर घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा चालायचं. कंबर एका अंगाला निघते, मोकळा हात आपोआप लांब जातो, पाऊल आखूड पडतं, बोलताना श्वास मध्येच तुटतो. हे सगळं अंगात मुरवून घ्यायचं आणि मग रिकाम्या घागरीनिशी तसंच चालायचं. चालता चालता वाक्यही म्हणायचं. लेखकानं तिथं लांबलचक वाक्य दिलेलं असतं. भरल्या घागरीखालच्या बाईला एवढं लांब बोलवत नाही, हे त्याला तालमीत उमगतं आणि तो तिथल्या तिथं वाक्य तोडतो, त्याची दोन छोटी वाक्यं करतो. एवढ्याला एक संध्याकाळ लागते. हे ज्यानं एकदा जवळून पाहिलं, त्याच्या तोंडी 'काय नाटकं करतो' हे शब्द पुन्हा येणार नाहीत.

म्हणून पहिली विनंती: गावात तालीम चालू असेल तर एक दिवस जाऊन बसा. आगाऊ विचारून जा, मागं बसा, मोबाईल खिशात ठेवा.

आता पोटाचा प्रश्न. आईवडिलांची काळजी खोटी नाही. या कामात नियमित पगार नाही, आणि तो मिळतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण पोट आणि कला यांची सांगड घालून दाखवलेली माणसं आपल्या मराठवाड्यातच आहेत. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचंच घ्या. जन्म 1943 चा. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं, त्या विभागाचे प्रमुख झाले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' त्यांनी स्वतः लिहिलं आणि एकट्यानं उभं केलं. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघतं आणि त्यातली 52 माणसं एकच माणूस आवाजानं, मानेच्या झोकानं, उभं राहण्याच्या ढबीनं वेगळी करून दाखवतो. म्हातारी बोलली की म्हातारी, पोरगं बोललं की पोरगं. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. 2009 साली ते गेले. पुढं बीड जिल्ह्यातला नट संदीप पाठक तेच वऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडला.

लोकांच्या तोंडी 52 चा आकडा राहिला आहे. माझं लक्ष त्या आकड्यामागच्या रोजच्या कष्टाकडं जातं. वर्गात शिकवायचं, परीक्षा घ्यायच्या, आणि त्याच आयुष्यात एक संहिता हजारो वेळा नव्यानं बोलायची. कालच्या गावात ज्या वाक्याला हशा आला ते वाक्य आजच्या गावात पडू शकतं. समोरच्या माणसांचा अंदाज रोज नव्यानं घ्यावा लागतो. आणि भाषा कुठली, तर आपल्या खेड्यापाड्यातली. ज्या बोलीला शहरातल्या कार्यालयात हसतात, त्या बोलीत त्यांनी पुण्या-मुंबईची आणि परदेशातल्या मराठी माणसांची नाट्यगृहं भरवली. ती बोली कानावर पडण्यासाठी लोकांनी पैसे मोजले.

नांदेडचे दत्ता भगत हेही अध्यापन करता करता नाटककार झाले. त्यांचं 'वाटा-पळवाटा' दलित चळवळीतल्या पिढ्यांचा वाद एका घरात आणून मांडतं, आणि ते इंग्रजीतही गेलं आहे. तेव्हा पोरांनो आणि पोरींनो, पदवी पूर्ण करा, हाताला काहीतरी धंदा-नोकरी ठेवा. त्यानं कला मरत नाही. उलट भाड्याची चिंता नसलेला माणूस नको असलेलं काम नाकारू शकतो, हा त्यातला मोठा फायदा आहे.

सिनेमातही लिहिता नट दुर्मीळ नाही. गिरीश कुलकर्णी यांनी 'देऊळ' लिहिला आणि त्यात केश्याचं काम केलं. अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागपूरचे वीरा साथीदार आयुष्यभर लिहीत, मासिक चालवत, चळवळीत वावरत राहिले आणि उतारवयात 'कोर्ट'मध्ये शाहीर नारायण कांबळे झाले. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातला चंक्याही स्वतःच उभा केला. ही मंडळी सिनेमाच्या घराण्यात जन्मलेली नाहीत. जे आयुष्य त्यांनी पाहिलं होतं तेच त्यांनी कागदावर आणलं.

हे पाहिलेलं आयुष्य आपल्याकडं काही कमी आहे का? मांजरा-गोदावरीच्या या कोपऱ्यात मराठी, तेलुगू, उर्दू एकाच ओट्यावर बसतात. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात उभं राहून नुसतं ऐका. एक बाई दर ऐकून म्हणते, 'कावून इतकं लावूलालास रे, काल तर कमी होतं', आणि वळून बहिणीशी तेलुगूत बोलते. दोन वाक्यांत तिचं माहेर, सासर, खिसा आणि स्वभाव कळतो. आमची मुलं एकांकिका लिहायला बसली की मात्र पात्रं पुण्याच्या सदाशिव पेठेत नाहीतर अंधेरीच्या फ्लॅटमध्ये राहायला जातात. त्यांना तिथून परत बोलवा. रेती उपसणाऱ्या ट्रॅक्टरवरचा पोरगा, हैदराबादला कामाला गेलेलं कुटुंब, तेलंगणातल्या बोधनला दिलेली लेक, नवरात्रात बतुकम्मा मांडणाऱ्या बाया, हे विषय दुसरं कोणी येऊन लिहिणार नाही. शाळेतल्या मराठीच्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे, स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यात बोली खोडून 'शुद्ध' करू नका. मूल घरी बोलतं तसं त्याला मंचावर बोलू द्या.

येसगीचा पूल ओलांडून पलीकडं तेलंगणात काय घडलं बघा. 2023 साली 'बलगम' नावाचा तेलुगू सिनेमा आला. दिग्दर्शक वेणू येल्दंडी. तोवर लोकांना तो छोटी विनोदी कामं करणारा नट म्हणून माहीत होता. त्यानं स्वतः लिहून काढलेली गोष्ट एवढीच: तेलंगणातल्या खेड्यात घरचा म्हातारा जातो, आणि पिंडाला कावळा शिवत नाही. भावाभावांत अबोला आहे, वर्षानुवर्षांचा रुसवा आहे, आणि कावळा काही केल्या येत नाही. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही; आपल्या घाटांवरही माणसं तशीच हात जोडून कावळ्याची वाट बघत उभी असतात. सगळा सिनेमा तेलंगणाच्या गावरान तेलुगूत. शेवटचं गाणं लोककलावंत जोडप्यानं म्हटलेलं. गावंच्या गावं एकत्र बसून तो सिनेमा बघत होती, बघता बघता रडत होती, आणि दुरावलेले भाऊ पुन्हा बोलायला लागल्याच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. असा सिनेमा बिलोलीतल्या माणसाला सुचला नसता का? सुचला असता. सुचलेलं कागदावर येऊन पडद्यापर्यंत जायला मधे प्रेक्षक लागतो, आणि तेलुगू प्रेक्षक आपल्या सिनेमासाठी घराबाहेर पडतो.

तेलुगू सिनेमा बघू नका असं मी कधीच म्हणणार नाही. बघा, भरपूर बघा, त्यात शिकण्यासारखं खूप आहे. लातूरच्या रितेश देशमुखनं दिग्दर्शित केलेला 'वेड' हा 'मजिली' या तेलुगू सिनेमावरच उभा आहे, आणि तो मराठी माणसानं डोक्यावर घेतला. मागणं एवढंच की, तेलुगू सिनेमासाठी जो उत्साह आहे त्यातला थोडा मराठी सिनेमाच्या पहिल्या आठवड्यालाही मिळावा.

कारण सगळं त्या पहिल्या आठवड्यावर असतं. सिनेमा शुक्रवारी लागतो. पुढच्या शुक्रवारी तो ठेवायचा की उतरवायचा, हे बहुतेक शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर ठरतं. 'चांगला आहे म्हणे, बघू निवांत' असं म्हणून आपण थांबतो तोवर पोस्टर बदललेलं असतं. आपल्याला सिनेमासाठी नांदेडला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, खर्च होतो, हे मला माहीत आहे. म्हणून एकेकट्यानं जाऊ नका. गल्लीतले, बचत गटातले, शिक्षक कॉलनीतले वीस-पंचवीस जण मिळून ठरवा. एसटीत बायांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे, तेव्हा आजीला घरी ठेवायचं कारण नाही. जायच्या आधी थिएटरवर फोन करून सांगा की, आम्ही इतके जण येतोय, खेळ नक्की आहे ना. तिकिटं आधी काढलेली असली की रिकाम्या खुर्च्यांपायी खेळ रद्द व्हायची भीती उरत नाही. दुपारचा खेळ धरा, म्हणजे परतीची गाडी चुकत नाही. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं येत असताना उठू नका. लेखक कोण होता, संवाद कुणाचे होते, ते वाचा. आणि परतीच्या वाटेवर बोला. कुठं कंटाळा आला, कोणतं पात्र खरं वाटलं, कोणतं ओढूनताणून आणलेलं होतं. लिहिणाऱ्या पोरांना अशा गप्पांतून जे मिळतं ते पुस्तकातून मिळायला वेळ लागतो.

गावात सिनेमा दाखवायचा असेल तर शाळा ही सगळ्यात चांगली जागा आहे. 'टिंग्या' दाखवा, बैलावर जीव टाकणारं शेतकऱ्याचं पोर आपल्या मुलांना लगेच आपलं वाटेल. 'एलिझाबेथ एकादशी' दाखवा, 'म्होरक्या' दाखवा. पण निर्मात्याची लेखी परवानगी घेऊन दाखवा. बऱ्याचदा चांगल्या शब्दांत विचारलं तर शाळेसाठी निर्माते नाही म्हणत नाहीत. लातुरात अभिजात फिल्म सोसायटीसारखी संस्था चांगले सिनेमे दाखवते. तिथल्या लोकांना भेटून कामाची पद्धत समजून घ्या. मोबाईलवर फिरणारी चोरीची प्रत गावाला दाखवणं, किंवा थिएटरात बसून पडदा चित्रित करणं, हे मात्र अजिबात नको. 2023 च्या दुरुस्तीनंतर कायदा कडक झाला आहे: 3 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत कैद, आणि किमान 3 लाख रुपये दंड. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याचं पोर उद्या सिनेमा लिहिणार आहे त्या गावानं दुसऱ्याच्या पोराची मेहनत फुकट घ्यावी, हे मनाला पटत नाही.

पैशाचं आणखी एक, आणि हे आईवडिलांनी नीट ऐकावं. ऑडिशन द्यायला पैसे लागत नाहीत. फोनवर कोणी 'तुमच्या मुलीची निवड झाली, नोंदणीचे इतके, फोटोंचे इतके, ड्रेसचे इतके भरा' असं सांगितलं, की फोन ठेवून द्या. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मुलीला एकटीला हॉटेलवर बोलावलं तर ते ऑडिशन नाही. लिहिणाऱ्यांनी आपली गोष्ट कुणाला ऐकवण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं सभासद होऊन संहितेची नोंदणी घरबसल्या करता येते. आणि दुसऱ्याचं नाटक बसवायचं तर लेखकाची परवानगी, त्याचं मानधन आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, यांत टाळाटाळ करू नका. नाटकाच्या खर्चात मांडववाल्याचे पैसे धरले जातात, ध्वनिक्षेपकवाल्याचे धरले जातात, आणि लेखकाला शाल-नारळ देऊन बोळवतात. हे थांबलं पाहिजे.

मुलींबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. आपल्याकडं नाटकाला मुलगी मिळत नाही ही प्रत्येक हौशी संस्थेची रड आहे. ती मिळावी असं वाटत असेल तर तालीम रात्री उशिरापर्यंत ओढू नका. वेळ आधी सांगा आणि पाळा. प्रत्येक मुलीला घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी दिग्दर्शकानं स्वतःवर घ्यावी. आईला तालमीत येऊन बसावंसं वाटलं तर तिला सन्मानानं खुर्ची द्या. आणि गावानं एक पाळावं: मंचावर पोरीनं केलेल्या कामाचा दाखला तिच्या लग्नाच्या बोलणीत काढू नये. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आपण पिढ्यानपिढ्या तमाशाचे फड बघत आलो, तिकीट काढून रात्र रात्र बसलो. तिथल्या कलावंत बाईच्या कामावर आपण जीव टाकला आणि तिच्या जगण्याकडं पाठ फिरवली. आपल्या लेकींच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नसेल तर बदल आपल्या बोलण्यापासून करावा लागेल.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नकला असे सगळे प्रकार असतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतली पोरं त्यासाठी दरवर्षी धडपडतात. बऱ्याच ठिकाणी त्यांना सरावाला खोली मिळत नाही, मिळाली तर शिपाई सहाला कुलूप लावतो. प्राचार्य, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, एक खोली आणि एक किल्ली द्या. विजेचं बिल फार येणार नाही. आलंच तर ते भरायला गावातले व्यापारी पुढं येतील, त्यांना जाऊन विचारायची तयारी मात्र ठेवा.

आणि ज्यांच्या घरात जुनी माणसं आहेत त्यांना शेवटचं काम. जत्रेत, गणपतीत, भजनी मंडळाच्या सोंगांत जी नाटकं आणि वग झाले, त्यांच्या हातानं लिहिलेल्या वह्या कुठंतरी माळ्यावर, ट्रंकेत पडलेल्या असतील. पावसाळ्याआधी त्या खाली काढा. एकेका पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्या, पानांना क्रमांक घाला, एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. त्यात मोडीत किंवा तेलुगूत लिहिलेलं काही निघालं तर वाचता येत नाही म्हणून टाकू नका. वाचणारा शोधता येतो. आणि वहीचा मालक किंवा त्याच्या पिढीतलं कोणी हयात असेल तर त्याच बैठकीत विचारून लिहून घ्या: प्रयोग कोणत्या साली झाला, कुठल्या पारावर झाला, कुणी कोणतं काम केलं, आणि पेटीवर कोण होतं.